अजून उजेड आहे

मला सगळे बादलीमामा म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तोंडावर ‘सर’ असतं. पण मी गोदामात शिरलो की कुठल्यातरी पेटीआडून ‘आले बादलीमामा’ असं हळूच ऐकू येतं. देशोदेशींच्या या माणसांना एकमेकांची भाषा धड कळत नाही, पण हे नाव मात्र सगळ्यांना बरोबर कळतं. माझ्या मागून एक माणूस चाकांच्या गाड्यावर पाण्याचं पिंप ढकलत येत असतो. बादली नाही, पिंप. पण लोकांना अचूकपणाची चाड नसते, त्याला मी काय करणार?

शोभेच्या दारूकामाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा मी सुरक्षा तपासनीस आहे. कोणता माल उडवायचा आणि कोणता नाही, याची एक यादी असते. गोळ्याचा व्यास किती, वजन किती, पोटात काय भरलंय, सगळं त्यात असतं. यादीबाहेरचा माल आला तर तो परत नेता येत नाही, कारण तसली दारू घेऊन कुणाला हद्द ओलांडू देत नाहीत. तो तिथल्या तिथे पाण्यात जातो. कुणीतरी वर्षभर खपून बनवलेला गोळा पिंपात बुडतो, बुडबुडे सोडतो, आणि त्याचा मालक माझ्याकडे बघत राहतो. मी पिंपाकडे बघतो. दुसरीकडे बघितलं तर काम होत नाही.

मला नियम आवडतात, हे मी लपवत नाही. गोळा उडाला की सगळं जग वर बघतं. कुणीतरी खाली बघायला हवं, जळते तुकडे कुठे पडतात, गोळा सोडायची नळी तडकली का, कुणाच्या टोपीवर ठिणगी पडली का. ते मी बघतो. इतक्या स्पर्धा झाल्या, पण आतषबाजी म्हणून मी काही बघितल्याचं मला आठवत नाही.

माझी ताई दर रविवारी फोन करते. जेवलास का, बीपीची गोळी घेतलीस का, आणि शेवटी न चुकता, “तुला मुली दाखवायला नेलं तर तू त्यांचीही तपासणीच करायचास. कोण करणार होतं तुझ्याशी लग्न?” यात तथ्य आहे. एका घरी मी भिंतीवरच्या उघड्या वायरबद्दल बोललो होतो. मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी वायर दुरुस्त करून घेतली आणि आम्हाला नकार कळवला.

तपासनिसाने स्पर्धकांबरोबर जेवायचं नाही, त्यांच्याकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, असाही एक नियम आहे. योग्यच आहे. पण स्पर्धेच्या गावात स्पर्धकांशिवाय माझ्या ओळखीचं कुणी नसतं. मग हॉटेलच्या जेवणघरात मी कोपऱ्यातलं टेबल धरतो आणि मधल्या लांब टेबलावरच्या गप्पा ऐकत जेवतो. कुणी किस्सा सांगायला लागलं की मीही कान देतो. किस्स्याचा शेवट मात्र मला कधी ऐकू येत नाही, कारण शेवट लोक आवाज खाली आणून सांगतात, आणि मग सगळे हसतात. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही.

यंदा तळ्याकाठच्या स्पर्धेत तपासणीच्या दिवशी शेवटच्या टेबलामागे वहिनी उभ्या होत्या. एकट्याच. वहिनी म्हणजे उस्तादांच्या पत्नी, आणि उस्ताद म्हणजे आमच्या धंद्यातला निळ्याचा माणूस.

हे जरा सांगायला हवं. लाल, हिरवा, सोनेरी हे रंग कुणालाही जमतात. निळा जमत नाही. तांब्याच्या पुडीने ज्योत निळी होते, पण आच जरा वाढली की रंग उडतो, आणि आच कमी ठेवली तर माल नीट पेटतच नाही. जुने कारागीर त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घालायचे. त्याने निळा असा खुलायचा की बघत राहावं, आणि बनवणाऱ्याच्या हातांची सालपटं निघायची, छातीचं वाटोळं व्हायचं. सोमल यादीतून निघाला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

त्यानंतरच्याच स्पर्धेत उस्तादांचे गोळे माझ्या टेबलावर आले, पोटात सोमल घेऊन. सगळे पिंपात गेले. उस्तादांनी आदळआपट केली नाही. बाह्या खाली करत म्हणाले, “ठीक आहे. तुमच्या यादीतला निळा करून आणतो. मग बघा.” पुढे ते दर स्पर्धेला यायचे, बाकी सगळे रंग घेऊन. निळा नसायचा. टेबलाशी गाठ पडली की मी विचारायचो, “निळा?” ते मोठ्याने म्हणायचे, “अजून नाही.” दारूकामाच्या माणसांचे कान लवकर जातात, त्यामुळे ते सगळंच मोठ्याने बोलायचे. माझं कुणाशी वर्षानुवर्षं चाललेलं संभाषण म्हणावं तर ते एवढंच.

“उस्ताद कुठेत?” मी विचारलं.

“गेले,” वहिनी म्हणाल्या. “हिवाळ्यात.”

मी काहीतरी म्हणालो असेन. असले शब्द माझ्या तोंडात नीट बसत नाहीत. वहिनींनीही ऐकायला फार वेळ दिला नाही. त्या एकेक पेटी पुढे सरकवायला लागल्या. सगळा माल कारखान्यातला, शिक्क्याचा, यादीत असलेला. मी खुणा करत गेलो. सगळ्यात शेवटी त्यांनी एक छोटी लाकडी पेटी काढली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून उभ्या राहिल्या.

“हे हाताने बनवलेत,” त्या म्हणाल्या. “निळे.”

आत भुशात दोन गोळे ठेवलेले होते, नारळाएवढे, सुतळीने गुंडाळलेले.

“जमला त्यांना?”

“माहीत नाही. गोळे बांधून झाले, सुकायला ठेवले आणि ते अंथरुणाला खिळले. उडवून बघायचं राहिलं.”

“कृती?”

“त्यांच्या डोक्यात. रोज बदलायचे. शेवटची कुठली, ते मलाही सांगितलं नाही. सांगतो, आधी उडू तर दे, म्हणाले.” त्यांनी पेटीवरचा भुसा झटकला. “जमला की नाही, एवढंच बघायचंय मला. परवा आमचा खेळ आहे. बटणांच्या पॅनेलवर फोरमनला बसवणार आहे. मी लोकांच्यात खुर्चीवर बसून बघणार.”

हे ‘खुर्चीवर बसून’ काय आहे, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. उडवणारा माणूस पत्र्याच्या आडोशाखाली असतो, मान खाली, डोळे पॅनेलवर. उस्ताद नळ्यांपाशी असायचे आणि वहिनी पॅनेलवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या की खेळ चांगला झाला असं त्या धरून चालायच्या. आपल्या घरचा एकही गोळा त्यांनी फुटताना बघितलेला नव्हता.

हाताने बनवलेल्या मालाचा नियम असा आहे. एका वेळी बनवलेल्या मालाला आम्ही घाणा म्हणतो. घाण्यातला एक गोळा तपासनिसाने स्वतः निवडायचा आणि चाचणीच्या मैदानावर उडवून बघायचा. तो नीट फुटला तर बाकीचे स्पर्धेत घ्यायचे. म्हणजे घाण्यात निदान दोन तरी गोळे लागतात. वहिनींचे बरोबर दोन होते.

मी पेटीतल्या नमुन्याच्या पुडीतला चिमूटभर माल तपासला. सोमल नव्हता, पारा नव्हता, यादीबाहेरचं काहीच नव्हतं. वजन केलं, दोन्हींचं सारखं. मग सवयीने एकेक गोळा हातात घेऊन फिरवला आणि थांबलो. एकावर सुतळीचे वेढे डावीकडून उजवीकडे चढत गेले होते. दुसऱ्यावर उजवीकडून डावीकडे. उस्ताद डावखुरे होते.

“हा तुम्ही बांधलात,” मी म्हणालो.

मी दोन्ही गोळे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा त्यांनी वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“समोरासमोर बसून गुंडाळायचो आम्ही,” त्या म्हणाल्या. “समोरून त्यांचे हात माझ्यासारखेच फिरताना दिसायचे. इतकी वर्षं. उलटं असेल असं कधी मनातच आलं नाही.”

“दुसऱ्यात काय आहे?”

“साधा पांढरा माल. यादीतलाच. निळा एकाच गोळ्यापुरता झाला होता. चाचणीला एक द्यावा लागतो, म्हणून मी जोडी केली.”

“आणि मी चुकून उस्तादांचाच निवडला असता तर?”

“तुम्ही नेहमी डाव्या हाताचा उचलता,” त्या म्हणाल्या. “मी माझा डावीकडे ठेवला होता.”

मी नेहमी डाव्या हाताचा उचलतो, हे मलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं कुणी माझ्याकडे इतकं नीट बघत असेल, असं मला वाटलं नव्हतं. क्षणभर मला बरं वाटलं, आणि मग त्याचाच राग आला.

“वहिनी, परवा तळ्याकाठी पोरंबाळं बसणार आहेत. न उडवलेला गोळा मी त्यांच्या डोक्यावर सोडायचा? नळीतच फुटला तर?”

“त्यांनी बांधलेला नाही फुटायचा.”

“प्रत्येकाची बायको हेच म्हणते.”

हे बोलायला नको होतं. पण बोललो. वहिनींनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि विचारलं, “मग आता काय, साहेब?” आत्तापर्यंत साहेब नव्हतो, तो झालो.

मी नियम सांगितला. एकच गोळा आहे, म्हणजे तो स्पर्धेत जाणार नाही. एक तर पिंप, नाही तर चाचणी. चाचणी दिवसाउजेडी, कारण जळते तुकडे कुठे पडतात ते नीट दिसावं लागतं. आणि चाचणीत हाताने बनवलेला गोळा बनवणाऱ्यानेच किंवा त्याच्या घरच्या माणसाने उडवायचा, दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही.

“दिवसा निळा दिसेल का हो?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होत्या.

“नाही. आकाशच निळं असतं.”

पिंपाच्या गाड्यावरचा माणूस उगाच नखं बघत उभा होता. वहिनींनी आपला गोळा उचलला, स्वतः चालत पिंपापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी तो पाण्यात सोडला. चांगला बांधलेला गोळा होता, बुडायला वेळ लागला. त्या दिवशी मला पिंपाकडे बघवलं नाही.

“त्यांचा उडवूया,” त्या म्हणाल्या. “दिवसा तर दिवसा. पाण्यात घालायला माझा हात व्हायचा नाही.”

त्या रात्री जेवणघरात मी नेहमीच्या कोपऱ्यात बसलो. लांब टेबलावर हसणं-खिदळणं चालू होतं. वहिनी तिथे नव्हत्या. त्या खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर एकट्या बसल्या होत्या आणि समोरच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती. आमच्या दोघांमध्ये रिकाम्या टेबलांची एक रांग होती. उठून गेलो असतो तर चार पावलांत पोचलो असतो. मी सूप संपवलं.

जेवताना मी नियम मनात म्हणून बघत होतो. मला ते पाठ आहेत, काही लोकांना गाणी पाठ असतात तसे. चाचणी दिवसाउजेडी व्हावी. त्याच्या पुढचं वाक्य असं आहे की उजेड पुरेसा आहे की नाही, हे तपासनिसाने ठरवावं. हे वाक्य मी आजवर एकाच कामासाठी वापरलं होतं, ढग आले की चाचण्या बंद करायला. ते दुसऱ्या बाजूनेही वाचता येतं, हे सुपाच्या शेवटच्या चमच्याला माझ्या लक्षात आलं. मला चक्क घाम फुटला. खोलीवर जाताना मी काउंटरवर वहिनींसाठी निरोप ठेवला की उद्याची चाचणी दुपारी नाही, संध्याकाळी, सगळ्यांच्या शेवटी.

चाचणीचं मैदान म्हणजे गावाबाहेरची एक बंद पडलेली दगडाची खाण. मध्ये वाळूत पुरलेली नळी, बाजूला वाळूच्या पोत्यांचा आडोसा, त्यावर पत्रा, आत पॅनेल. आगीच्या बंबाची गाडी लांब वर रस्त्याकडेला उभी होती आणि तिचा ड्रायव्हर स्टीअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. वहिनी वेळेवर आल्या. त्यांनी गोळा नळीत उतरवला, वायर आडोशापर्यंत नेली, जोडली आणि म्हणाल्या, “तयार.”

आकाश चांगलं लख्ख होतं.

“थांबा,” मी म्हणालो. “नळी तपासतो.”

नळी तपासली. मग वायर तपासली. मग वाळू पुरेशी आहे का ते बघितलं. मग वारा कुठून येतोय ते बघायला रुमाल धरून उभा राहिलो. वारा अजिबात नव्हता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

“साहेब, काय चाललंय?”

“तपासणी.”

“दुपारपासून बाकी सगळ्यांचे गोळे पटापट उडवलेत म्हणे तुम्ही.”

“त्यांचं वेगळं,” मी म्हणालो आणि पुन्हा नळीकडे गेलो.

तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा त्या पोत्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

“मला चालत नाही,” मी म्हणालो. “नियम आहे.”

“मी तुम्हाला देत नाहीये. इथे ठेवतेय.” त्यांनी झाकण पोत्यावर ठेवलं.

मी पलीकडच्या पोत्यावर बसलो. चहाची वाफ आमच्या मधोमध वर जात होती. माणसाशी काय बोलायचं, हे मला नळी-वायर सोडून फारसं येत नाही, म्हणून मी विचारलं, “घरी कोण असतं आता?”

“कुणी नाही. मुलगी लांब आहे. म्हणते, इकडे ये. पण तिथे सगळे दिवसभर बाहेर. म्हणजे तिथेही एकटीच, फक्त दुसऱ्याच्या घरात.” त्यांनी थर्मासचं बूच घट्ट केलं. “घरात आवाजच नाही हो. त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही दोघंही ओरडून बोलायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, रोज भांडतात. आता शेजारीण येऊन विचारते, बरं आहे ना, काहीच ऐकू येत नाही.”

“हं,” मी म्हणालो.

“तुमच्या घरी?”

“ताईचा फोन येतो.”

“रोज?”

“रविवारी.”

त्यांनी मान हलवली. एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्या माणसाची कीव आलेली मला आवडत नाही, पण ती कीव नव्हती. त्या फक्त मान हलवत होत्या. मी झाकण उचललं आणि चहा प्यायलो. निवला होता.

खाणीच्या कडेचे दगड आधी काळे झाले, मग झुडपं. वहिनींनी एकदा विचारलं, “आता?” मी वर बघून म्हणालो, “अजून उजेड आहे.” थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. लांब गावातले रस्त्यावरचे दिवे लागले. माझ्या हातातल्या फॉर्मवरची अक्षरं मला दिसेनाशी झाली.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “मला नळी दिसत नाही.”

“मला दिसतेय.”

“अंधार पडलाय.”

“ते तपासनीस ठरवतो. अजून उजेड आहे.”

त्या हसल्या. आवाज न करता हसल्या, पण खांदे हलले ते मला दिसलं. म्हणजे थोडा उजेड होताच.

आकाशात पहिली चांदणी दिसली, तेव्हा मी उठलो. “चला,” मी म्हणालो. “बटण दाबायचं आणि लगेच बाहेर यायचं. किल्ली नंतर काढा.”

“किल्ली न काढता बाहेर यायचं?” त्यांना धक्काच बसला. पॅनेलची किल्ली काढून गळ्यात घातल्याशिवाय आडोशातून पाऊल बाहेर टाकायचं नाही, ही दारूकामातली पहिली शिकवण.

“एकच नळी आहे. दुसरं काही उडायचं नाही. मी सांगतोय ना. वर बघत बाहेर या.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आडोशात शिरताना स्वतःशीच पुटपुटल्या, “दाबायचं आणि बाहेर. दाबायचं आणि बाहेर.”

मी माझ्या जागेवर गेलो, हेल्मेट चढवलं आणि हाक दिली. धप्प असा आवाज झाला, तो कानापेक्षा छातीला कळला. बारीक ठिणगी वर चढत गेली. माझं काम जमिनीकडे बघायचं. मी मान वर केली. ठिणगी विझली, एक क्षण काहीच नव्हतं, आणि मग तो फुटला. गोल, पूर्ण, आकाशाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि निळा. शंका घ्यायला जागाच नव्हती. थोडा वेळ तो तसाच टिकला, कडेने हळूहळू विझत आला आणि संपला. मागे धूर राहिला. माझे डोळे भरून आले होते आणि हेल्मेटच्या काचेमुळे ते पुसता येत नव्हते.

वर रस्त्यावर ड्रायव्हर दचकून जागा झाला. “झालं का?” त्याने ओरडून विचारलं. मी हात केला.

मग वहिनी बाहेर आल्या. त्या वर बघत आल्या, सांगितलं होतं तसं. वर धूर होता. त्यांच्या गळ्यात किल्ली होती.

बराच वेळ त्या धुराकडे बघत होत्या. मग त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि किल्ली बोटांना लागल्यावर त्यांनी ती उचलून बघितली, जणू कुणी दुसऱ्यानेच घातली होती. आत त्यांनी बटण दाबलं, मान खाली घातली, फुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबल्या, किल्ली फिरवली, ओढून काढली, गळ्यात अडकवली, मग निघाल्या. आयुष्यभर केलं तेच हातांनी परस्पर करून टाकलं होतं.

“हातांना सांगितलं होतं हो मी,” त्या म्हणाल्या.

मी हेल्मेट काढलं. उस्ताद गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

“तुम्ही बघितलात?” त्यांनी विचारलं. “का खालीच बघत होतात?”

“बघितला.”

“निळा होता?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “उंची बरोबर. फुटला एकसारखा, गोल. जळते तुकडे खाली आले नाहीत.”

“ते तुमच्या फॉर्मात लिहा. मला सांगा. निळा होता?”

“होता.”

“पांढुरका?”

“नाही.”

“जांभळट?”

“नाही, वहिनी. निळा.”

“कसा निळा?”

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. हा रंग बघितलेला मी जगात एकटा माणूस होतो. ज्याने तो केला त्याने बघितला नव्हता, जिच्यासाठी थांबलो तिने बघितला नव्हता, आणि तो पुन्हा कुणाला करता येणार नव्हता. माझ्याजवळ शब्द होते ते सगळे फॉर्ममधले. मला इतकी भीती कुठल्याच नळीपाशी वाटलेली नाही. मी डोळे मिटले, तो रंग पुन्हा समोर आणला आणि असा रंग आयुष्यात आणखी कुठे बघितलाय, ते शोधायला लागलो. माझ्या आयुष्यात बघण्यासारखं फार काही नाही, म्हणून सापडायला वेळ लागला नाही.

“गॅस,” मी म्हणालो. “शेगडी पेटवून अगदी बारीक केली की ज्योत असते ना, पिवळी बिलकुल नसते, ती. अगदी तसा. फक्त आकाशभर.”

वहिनी हळूच पोत्यावर बसल्या. मला वाटलं, चुकीचं बोललो. उस्तादांचं आयुष्यभराचं काम, आणि मी शेगडी म्हणालो.

“रोज सकाळी,” त्या म्हणाल्या, “चहा गाळून झाला तरी ते गॅस बंद करायचे नाहीत. बारीक करायचे आणि वाकून बघत बसायचे. कप हातात तसाच. मी आतून ओरडायचे, अहो, गॅस कशाला जाळताय फुकटचा? त्यांना ऐकू जायचं नाही. मग मीच येऊन बंद करायचे.”

मी हेल्मेट वाळूत ठेवलं.

“रोज बंद करायचे, भाऊजी. त्यांच्या डोळ्यांसमोर.”

मी त्यांच्याच पोत्यावर, त्यांच्या शेजारी बसलो. वर ड्रायव्हरने गाडीचे दिवे लावले, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. आम्ही उठलो नाही. धूर विरून गेला होता आणि आता खरोखरच काही दिसत नव्हतं.

“पुन्हा सांगा,” वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, उंची वगळून.